द्राक्षांचा हंगाम आणि हंगामी हात

ज्वारी पिकली म्हणजे कणसे खुडून खळ्यावर टाकता येतात, आणि मळणी चार दिवस पुढे ढकलली तरी फारसे बिघडत नाही. आंबा किंचित कच्चा उतरवून आढीत घालता येतो. द्राक्षाच्या बाबतीत अशी कोणतीच सवड निसर्गाने ठेवलेली नाही. घड वेलीवरून उतरला की त्याची गोडी जेथल्या तेथे थांबते. कच्चा उतरवावा तर तो कायमचा आंबट राहतो. पिकल्यावर वेलीवर ठेवून द्यावा तर मणी तडकू लागतात, पाखरे येतात, आणि एखाद्या रात्रीचा अवकाळी पाऊस वर्षाचे श्रम धुऊन नेतो. त्यातून खाण्याच्या द्राक्षाचा घड नाजूक. देठाला धरून, मण्यावरची पांढुरकी झाक न पुसता तो कात्रीने एकेक करून कापावा लागतो. त्यामुळे ज्या मुलखात द्राक्षाची लागवड वाढते तेथे वर्षातून काही आठवडे असे येतात की, गावातील सारे हात कामाला लावले तरी ते पुरत नाहीत. उरलेले हात बाहेरून यावे लागतात, आणि काम संपताच त्यांनी परत जावे अशीच अपेक्षा असते.

द्राक्षाचा इतिहास सांगताना बाग प्रथम कोणी लावली, नवी जात कोणी शोधली, पाणी कोठून आणले, यांची नोंद आवर्जून केली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु या बाहेरून येणाऱ्या हातांची नोंद त्या इतिहासात क्वचितच आढळते. वेल दूरदेशीहून आली, तंत्र दूरदेशीहून आले, आणि दोन्ही येथल्या मातीत रुजली. तोडणाऱ्याचा हक्क मात्र कोणत्याच देशात आपोआप रुजला नाही; जेथे तो रुजला, तेथे त्यासाठी वेगळे कष्ट उपसावे लागले. नाशिक, ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्निया या तीन मुलखांची हकीकत शेजारी शेजारी ठेवली म्हणजे ही गोष्ट ध्यानी येते.

महाराष्ट्राला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला होता. तेथील लोक द्राक्षे आणि डाळिंबे पिकवितात व वर्षातून दोनदा बहार घेतात, असे त्याने नमूद केले आहे. या नोंदीत दख्खनच्या द्राक्षाचे एक वैशिष्ट्य नेमके टिपले गेले. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. दख्खनच्या उष्ण हवेत ती झोपत नाही, सतत वाढत राहते. म्हणून पुढे येथल्या बागाइतदारांनी दोन छाटण्यांची रीत बसविली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करावयाची, ती काडी तयार होण्यासाठी. आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी छाटणी करावयाची, ती फळासाठी. या दुसऱ्या छाटणीपासून सुमारे चार महिन्यांनी घड तयार होतात. त्यामुळे नाशिकचा हंगाम जानेवारी ते एप्रिल असा पडतो.

आधुनिक द्राक्षशेतीचा आरंभ नाशिक जिल्ह्यात ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५च्या सुमारास केला, असे सांगितले जाते. त्या काळी भोकरी, फकडी, पंढरी साहेबी या जाती प्रचारात होत्या. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी पंढरी साहेबीच्या रोपांतून निवड करून जी जात काढली, ती त्यांच्याच नावाने 'चीमा साहेबी' म्हणून प्रसिद्धीस आली. १९६०च्या सुमारास राज्यातील द्राक्ष बागाइतदारांचा संघ स्थापन झाला, आणि त्यानंतरच्या काळात 'थॉमसन सीडलेस' या बिनबियांच्या जातीने जुन्या जातींना मागे सारले. पुढे तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी 'तास-ए-गणेश' आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' या जाती शोधून काढल्या. विद्यापीठाची पदवी नसलेला शेतकरीही संशोधक होऊ शकतो, हे या मंडळींनी दाखवून दिले. १९९१ मध्ये निर्यातीसाठी 'महाग्रेप्स' ही संस्था उभी राहिली, १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आले, आणि नाशिकचे द्राक्ष युरोपच्या बाजारात पोहोचले.

ज्या थॉमसनने हा पालट घडविला, त्याची जन्मकथा मोठी प्रवासी आहे. हे द्राक्ष मूळचे पश्चिम आशियातले. किसमिस या नावाने ते तिकडे शतकानुशतके माहीत होते. कॅलिफोर्नियातील विल्यम थॉमसन नावाच्या शेतकऱ्याने १८७२ मध्ये त्याच्या काड्या मागवून लावल्या, आणि त्या देशात वेलीला त्याचे नाव मिळाले. ऑस्ट्रेलियात हीच वेल 'सुलताना' म्हणून ओळखली जाते. नावे तीन, वेल एकच.

ऑस्ट्रेलियात सुलतानाचे माहेरघर म्हणजे व्हिक्टोरिया प्रांतातील मिल्ड्युरा हा मरे नदीकाठचा परिसर. आल्फ्रेड डीकिन हा व्हिक्टोरियाचा तरुण मंत्री १८८५ मध्ये पाटबंधाऱ्यांचा अभ्यास करण्यासाठी कॅलिफोर्नियास गेला. तेथे त्याची जॉर्ज आणि विल्यम चॅफी या बंधूंशी गाठ पडली. चॅफी बंधूंनी १८८७ पासून मिल्ड्युराच्या रखरखीत माळावर नदीचे पाणी पंपाने चढवून वसाहत उभारली. १८९०च्या दशकात त्यांची कंपनी बुडाली; तथापि वेली टिकल्या, आणि १९०३ मध्ये रेल्वे आल्यावर मिल्ड्युराच्या वाळविलेल्या द्राक्षांना हुकमी बाजार मिळाला. याच डीकिनने मध्यंतरी हिंदुस्थानचा दौरा करून येथल्या कालव्यांवर एक ग्रंथ लिहिला. तो १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या कालव्यांपासून शिकण्याजोगे पुष्कळ आहे, हे त्याला पटले होते. परंतु तोच डीकिन पुढे ऑस्ट्रेलियाचा महान्यायवादी झाला, आणि १९०१ मध्ये आशियाई माणसांना त्या देशाची दारे बंद करणारा जो कायदा संमत झाला, त्याचा तो खंदा पुरस्कर्ता होता. कालव्याची विद्या हवी होती. ती विद्या जेथे नांदत होती तेथला माणूस नको होता.

मिल्ड्युराच्या बागाइतदारांनी द्राक्षे वाळविण्याची जी पद्धत बसविली, तिचे मूळ भूमध्य समुद्राकाठच्या मुलखात होते. पोटॅश आणि तेल यांच्या मिश्रणात घड बुडवावयाचे, म्हणजे मण्यावरचे मेणाचे आवरण सैल होते आणि आतले पाणी लवकर उडून जाते. मग ते घड तारांच्या मजलेवजा मांडणीवर सावलीत पसरावयाचे. आज सांगली जिल्ह्यात तासगावच्या परिसरात जे बेदाण्याचे शेड दिसतात, त्यांतील काम याच तत्त्वावर चालते. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात घड बुडवून जाळ्यांवर पसरले की दोन-अडीच आठवड्यांत बेदाणा तयार होतो. येथला शेतकरी या पद्धतीला ऑस्ट्रेलियन पद्धत असेच म्हणतो. वेलीपाठोपाठ विद्याही अशी समुद्र ओलांडून आली.

आता मिल्ड्युराची तोडणी कोण करीत असे, ते पाहावे. गावे लहान, लोकवस्ती विरळ आणि फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत सगळ्या बागा एकदम पिकणाऱ्या. म्हणून आरंभापासून तेथे फिरत्या मजुरांवर भिस्त होती. मेंढ्यांची लोकर कातरण्याचे काम संपवून आलेले, शहरात काम न मिळालेले, सुट्टीतील विद्यार्थी, कुटुंबकबिला घेऊन आलेले, असे नाना प्रकारचे लोक हंगामापुरते येत. भोके असलेल्या पत्र्याच्या डब्यांत द्राक्षे भरावयाची आणि डब्यांच्या हिशेबाने मजुरी घ्यावयाची, अशी रीत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण युरोपातून इटालियन आणि ग्रीक आले. त्यांपैकी कित्येकांनी तोडणी करता करता पैसा साठवून स्वतःच्या बागा घेतल्या. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाने परदेशी तरुणांसाठी सुट्टी आणि काम यांची सांगड घालणारा परवाना सुरू केला. पाठीवर पिशवी टाकून देश पाहावयास निघालेल्या तरुणाने वाटखर्चासाठी चार आठवडे द्राक्षे तोडावीत आणि पुढच्या गावी जावे, अशी ती कल्पना होती. २००५ पासून, जो तीन महिने खेड्यात हंगामी काम करील त्याला दुसऱ्या वर्षाचाही परवाना मिळू लागला. आणि ज्या देशाने १९०१ मध्ये दार लावून घेतले होते, त्याच देशाने २०२४ पासून अठरा ते तीस वर्षांच्या भारतीय तरुणांना, वर्षाकाठी एक हजार या प्रमाणात, चिठ्ठ्या काढून असा परवाना देण्यास आरंभ केला. अर्ज करणाऱ्यांत मराठी तरुण असणारच. त्यांच्यापैकी एखादा मिल्ड्युराला पोहोचला, तर आपल्या आजोळच्या मांडवात पाहिलेलीच वेल त्याला तेथे दुसऱ्या नावाने भेटेल.

हा प्रवासी तोडणी कामगार सुशिक्षित, धडधाकट आणि बव्हंशी स्वखुशीने आलेला. तरीही त्याची पिळवणूक टळली नाही. त्या देशाच्या श्रमविषयक लोकपालाने २०१३ ते २०१८ या काळात फळबागांची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मालकांनी कामगार कायद्यांचे नियम मोडल्याचे आढळले. डब्यामागे दर ठरविला म्हणजे नवखा माणूस दिवसभर राबूनही पोटापुरते मिळवीत नाही, आणि त्याची तक्रार ऐकून घेण्याआधीच हंगाम संपतो. तो पुढे निघून जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. अखेर त्या देशाच्या वेतन न्यायासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्णय दिला की, नगावर काम करणाऱ्यालाही तासाच्या हिशेबाने किमान वेतन मिळालेच पाहिजे. आणि एप्रिल २०२२ पासून तो अंमलात आला. म्हणजे चॅफी बंधूंनी पाणी चढविल्यापासून तोडणाऱ्याला ही हमी मिळेपर्यंत सुमारे एकशे पस्तीस वर्षे लोटली.

कॅलिफोर्नियातील हकीकत याहून तीव्र आहे. अमेरिकेत १९३५ साली कामगारांना संघटनेचा हक्क देणारा जो कायदा झाला, त्यातून शेतमजुरांना वगळण्यात आले होते. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डेलानो या गावच्या द्राक्षमळ्यांतील फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला, आणि आठवडाभराने सीझर चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. १९६६च्या वसंतात या मजुरांनी डेलानोपासून सॅक्रामेंटो या राजधानीपर्यंत सुमारे ४८० किलोमीटर पदयात्रा काढली. द्राक्षे विकत घेऊ नका, असे आवाहन त्यांनी देशभरच्या गृहिणींना केले, आणि जुलै १९७० मध्ये मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या. पाच वर्षांनी, १९७५ मध्ये, कॅलिफोर्नियाने शेतमजुरांना संघटनेचा हक्क कायद्याने दिला. फळ नाशवंत आहे, ही गोष्ट मजुराच्या दुबळेपणाचे कारण होती. तिचेच संघटनेने बळ करून दाखविले.

आता नाशिककडे वळू. निफाड, दिंडोरी, चांदवड आणि नाशिक हे तालुके द्राक्षाचे. त्यांच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या धारेवर आणि पलीकडच्या उतारावर, सुरगाणा आणि पेठ हे तालुके आहेत. ही दोन्ही एके काळी लहान संस्थाने होती. पेठ १८७८ मध्ये इंग्रजांनी खालसा केले, सुरगाणा १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. वस्ती मुख्यतः कोकणा, महादेव कोळी आणि वारली या आदिवासी जमातींची. पाऊस येथे मुसळधार पडतो. परंतु उताराची जमीन ते पाणी धरून ठेवीत नाही. नार, पार आणि दमणगंगा या नद्या ते घेऊन पश्चिमेकडे समुद्राला मिळतात. भात, नागली, वरई आणि खुरासणी ही पावसाळ्याची पिके घरात आली की शेतात करण्याजोगे काही उरत नाही, आणि होळीच्या सुमारास कित्येक पाड्यांवर पिण्याचे पाणीही दुरून आणावे लागते. उलट पूर्वेकडील निफाडचा पाऊस बेताचा. पण गोदावरी, दारणा आणि कादवा यांवरील धरणांचे आणि कालव्यांचे पाणी तेथे आहे. जेथे पाऊस आहे तेथे पाणी थांबत नाही, आणि जेथे पाणी थांबविले आहे तेथे बाग आहे. माणूस या दोहोंच्या मधून दर वर्षी ये-जा करतो.

दसरा-दिवाळीनंतर या पाड्यांवरून टोळ्या निघतात. नवरा-बायको, जाणती मुले, कधी तान्हे मूलही बरोबर असते. ऑक्टोबरच्या छाटणीपासून त्यांचे काम सुरू होते. छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना औषध लावणे, नको ती फूट काढून टाकणे, घड संजीवकाच्या पाण्यात बुडविणे, दाट घडातील मणी कात्रीने विरळ करणे, आणि अखेर तोडणी, निवड व भरणी, अशी ही मालिका आहे. ती अडाणी माणसाची कामे नव्हेत. विरळणी करताना कोणता मणी ठेवावा आणि कोणता काढावा, याचा निर्णय क्षणात करावा लागतो. परदेशी बाजारात एकसारख्या टपोऱ्या मण्याला जो भाव मिळतो, तो या कात्रीच्या कौशल्यावर अवलंबून असतो. काम पुष्कळदा एकरावर अंगावर घेतले जाते. कधी रोजंदारीने, कधी हंगामाआधी घेतलेल्या उचलीच्या फेडीसाठी केले जाते. राहणे बागेच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत किंवा पालात. शाळेच्या पटावर मुलाचे नाव पाड्यावर असते, आणि मूल मांडवाखाली असते. वार्षिक परीक्षेचे दिवस आणि तोडणीचे दिवस नेमके एकच पडतात.

या ये-जा करण्यामागचे कारण केवळ सुरगाण्याचे नाही. पावसावरच्या एका पिकाने ज्या ज्या मुलखाचे पोट भरत नाही, तेथे तेथे हेच घडते. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, राजनांदगाव मागे पडल्यावर आणि दुर्ग येण्यापूर्वी, रसमडा हे लहानसे स्थानक लागते. पलीकडे भिलाईचा पोलाद कारखाना आहे. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले. परंतु छत्तीसगडच्या कोरडवाहू भातगावांतील माणूस भात कापून झाल्यावर बाहेर पडतो, ही रीत कारखान्याहून जुनी आहे, आणि कारखान्याने ती मोडलेली नाही. 'कमाने-खाने' जाणे, असा सुटसुटीत शब्दप्रयोग तिकडे त्यासाठी आहे. १८८०च्या दशकात हा लोहमार्ग झाल्यापासून त्या वाटेने छत्तीसगडी मजूर नागपूरच्या गिरण्यांत आणि पूर्वेकडे आसामच्या चहामळ्यांपर्यंत गेला.

रसमड्याचे हे उदाहरण सुरगाण्याच्या शेजारी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते कायद्याशी निगडित आहे. दुर्ग आणि नागपूर हे दोन्ही जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. राज्यपुनर्रचनेनंतर त्यांच्यामध्ये सीमा आली. १९७९ साली स्थलांतरित मजुरांसाठी जो केंद्रीय कायदा झाला, तो ठेकेदारामार्फत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरापुरता होता. प्रवासभत्ता, निवारा, औषधपाणी यांची तरतूद त्यात होती. म्हणजे दुर्गचा माणूस ठेकेदाराबरोबर नागपुरास आला तर तो कायद्याच्या दृष्टीने स्थलांतरित. आणि सुरगाण्याचा माणूस घरदार बंद करून सहा महिने निफाडच्या बागेत राहिला, तरी त्याने राज्याची सीमा ओलांडली नाही म्हणून तो स्थलांतरित नव्हे. पुढे तो कायदा २०२० च्या नव्या संहितेत सामावून घेण्यात आला. परंतु तेथेही राज्याची सीमा हीच कसोटी राहिली. किमान वेतनाचा १९४८ चा कायदा शेतमजुरालाही लागू होता, आणि रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये साऱ्या देशाच्या आधी केला. त्यांचा उपयोग झाला नाही असे नाही. तथापि, आज या बागेत तर उद्या त्या बागेत असणाऱ्या माणसापर्यंत गावाच्या पटावर चालणारी योजना सहजी पोहोचत नाही.

ऊसतोड कामगारांशी तुलना केली म्हणजे द्राक्षमजुराची अडचण अधिक उलगडते. बीड आणि नगर जिल्ह्यांतून कोयता घेऊन निघणाऱ्या ऊसतोड कामगारांचे हाल काही कमी नाहीत. परंतु त्यांचा ऊस शेवटी कारखान्याच्या एका काट्यावर जातो. म्हणून कारखान्यांचा संघ एका बाजूस आणि कामगारांच्या संघटना दुसऱ्या बाजूस, असे बसून तोडणीचा दर ठरविता येतो; गाळप अडविता येते. द्राक्षाला असा एक काटा नाही. हजारो बागा, हजारो मालक, आणि प्रत्येक मालकाशी एका टोळीचा स्वतंत्र तोंडी करार. दर कोणाशी ठरवावा आणि तक्रार कोणापाशी न्यावी, हाच पहिला प्रश्न पडतो.

येथे बागाइतदाराचीही बाजू ऐकली पाहिजे. तो डेलानोच्या मळेवाल्यासारखा हजारो एकरांचा धनी नव्हे. बहुधा दोन-चार एकरांचा, कर्ज काढून मांडव घातलेला शेतकरी तो. एका रात्रीच्या गारपिटीने त्याचे वर्ष बुडते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीत महाराष्ट्रातील कित्येक बागा अशाच झोडपून निघाल्या. माल उचलून पैसे न देता पसार होणाऱ्या व्यापाऱ्याची धास्ती त्याला नेहमीच असते. आपल्याला भावाची हमी नाही, मग मजुराला हमी कोठून द्यावी, हा त्याचा प्रश्न अप्रामाणिक नाही. परंतु त्या प्रश्नातच उत्तराची दिशा आहे. विमा, निर्यात, संशोधन, शीतगृह या बाबतींत तो एकटा पडू नये म्हणून संघ, संस्था आणि शासन त्याच्या पाठीशी उभे राहिले. तोडणाऱ्याचा निवारा आणि त्याच्या मुलांची शाळा यांचा भारही एकट्या बागाइतदाराच्या शिरावर टाकून चालणार नाही. द्राक्ष हे जिल्ह्याचे वैभव असेल, तर ते तोडणाराही जिल्ह्याचीच जबाबदारी ठरतो.

पाड्यांवरची ही माणसे अबोल आहेत असे मानण्याची चूक मात्र कोणी करू नये. ६ मार्च २०१८ रोजी, म्हणजे द्राक्षतोडणीच्या ऐन हंगामात, किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी आणि शेतमजूर नाशिकहून मुंबईकडे पायी निघाले. त्यांत सुरगाणा, पेठ आणि दिंडोरीकडील आदिवासींचा भरणा मोठा होता. सुमारे १८० किलोमीटर अंतर त्यांनी सहा दिवसांत तोडले; पुष्कळांच्या तळपायांची सालटी निघाली होती. ११ तारखेस ते मुंबईत पोहोचले, आणि शालान्त परीक्षेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून रात्रीच चालून आझाद मैदानावर गेले. बारा तारखेस शासनाने त्यांच्या मागण्यांवर लेखी आश्वासन दिले. त्यांची मुख्य मागणी मजुरीच्या दराची नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे, पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली वनजमीन आपल्या नावावर व्हावी, ही ती मागणी होती. डेलानोचे मजूर मळ्यातल्या हक्कासाठी चालले. सुरगाण्याचे शेतकरी आपल्या पाड्यावरच्या जमिनीसाठी चालले. परंतु दोहोंचा संबंध जवळचा आहे. ज्याच्या घरी जमीन आहे आणि तिला पाणी आहे, तो बागेत जातो तेव्हा दर विचारून जातो. ज्याच्या घरी काहीच नाही, तो मिळेल त्या दराने जातो.

त्यानंतर दोनच वर्षांनी या परस्परावलंबनाचा पुरावा साऱ्या जगाला मिळाला. पृथ्वीच्या दोन गोलार्धांत ऋतू उलटे असले, तरी दोन छाटण्यांच्या युक्तीमुळे नाशिक आणि मिल्ड्युरा येथील द्राक्षे वर्षाच्या एकाच महिन्यांत पिकतात. मार्च २०२० मध्ये साथीच्या भयाने ऑस्ट्रेलियाने आपल्या सीमा बंद केल्या आणि भारतात टाळेबंदी जाहीर झाली. तिकडे प्रवासी तरुणांची आवक थांबली आणि पुढच्या हंगामात फळे झाडावर राहण्याची पाळी आली. इकडे मजूर पाड्यांकडे निघाले, बाजार बंद पडले आणि कित्येक बागांतील घड वेलीवरच सुकू लागले. वेल, पाणी, औषध, कर्ज, बाजार, सर्व काही जुळले, तरी कात्री धरणारा हात नसेल तर त्याचे मोल शून्य होते, हे त्या दिवसांत दोन्ही देशांना एकाच वेळी उमगले.

त्या अनुभवातून ऑस्ट्रेलियात तोडणाऱ्याच्या वेतनाची हमी पुढे आली. नाशिकमध्ये काय पुढे यावे, हे शोधण्यास दूर जावे लागत नाही. तोडणीच्या काळात बागांजवळ भरणारी शाळा, टोळीच्या नावाने लिहिलेला दर, हंगामापुरते का होईना पण पाणी आणि आडोसा असलेले घर, आणि पाड्यावर अडविलेले थोडे पाणी, या काही असाध्य गोष्टी नव्हेत. दौलताबादच्या मांडवांपासून आजपर्यंत द्राक्षवेलीने या मुलखात पुष्कळ स्थित्यंतरे पाहिली, आणि प्रत्येक वेळी शेतकऱ्याने नवे ते शिकून घेतले. परदेशातील काडी आणून येथल्या मातीत लावण्याची विद्या महाराष्ट्राला चांगली अवगत आहे. तोडणाऱ्याला दिलेला हक्कही तसाच, काळजीने आणि पाणी घालून, येथे लावावा लागेल. त्याला फळ धरावयास वेळ लागतो, हे कॅलिफोर्निया आणि मिल्ड्युरा यांच्या इतिहासाने दाखविले आहे. म्हणूनच लागवडीस विलंब करणे परवडणारे नाही.